ओपल आत्याची सात झाडं

बीच फोर्क, ओहायो
९ एप्रिल १९८९

ओपल आत्या,

माझं अक्षर बघून तुझ्या छातीत धस्स झालं असेल, घरात कुणीतरी गेलं म्हणून. कुणी गेलेलं नाही. मीच आलोय. कॉलेज सोडून.

फेब्रुवारीत आलो. बाबा अजून माझ्याशी आईमार्फत बोलतात. मी समोर बसलेला असतो आणि ते आईला म्हणतात, त्याला म्हणावं मीठ इकडे सरकव. तू त्यांचीही आत्याच, तुझा भाचा तुला ठाऊकच आहे.

का सोडलं ते फक्त दोघींना माहीत आहे. एक डेलिया, आणि दुसरी आता तू. ओढ्यापलीकडच्या टीटरांची डेलिया. तू इंडियानाला तुझ्या लेकीकडे, जूनकडे, राहायला गेलीस तेव्हा ती बारा वर्षांची होती, गुडघे कायम फुटलेले. आता बघशील तर ओळखणार नाहीस. मागचा अख्खा उन्हाळा आम्ही बरोबर होतो. मग मी कोलंबसला कॉलेजात गेलो आणि माझं डोकंच चालेना. मातीशास्त्राचा पेपर समोर होता, पहिलाच प्रश्न चिकणमातीचा, आणि मला दिसत होता तिच्या चपलांना लागलेला ओढ्याचा चिखल. पेन्सिल टेबलावर ठेवली, उठलो, आणि बर्फातून गाडी हाणत सरळ तिच्या दारात. म्हटलं, तुझ्यासाठी सोडून आलो.

ती दारात उभी राहून ऐकत होती. मग म्हणाली, "मी बोलावलं होतं?" आणि दार लावलं.

याला आठ आठवडे झाले. तेव्हापासून एक शब्द नाही. दुकानात दिसली तर पिठाच्या पिशव्या वाचत उभी राहते. ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात ती नर्सिंग शिकायला हंटिंग्टनला जाणार. त्याआधी ती माझ्याशी बोलली नाही, तर पुढे कधीच बोलणार नाही, हे मला नीट कळतं.

आता मुद्द्याचं. घरामागची तुझी सात पॉपॉची झाडं. आठ वर्षांत त्यांना एक फळ नाही. बाबांनी आईला, म्हणजे मला, सांगितलंय की येत्या पानगळीत ती काढायची आणि तिथे ट्रॅक्टरची शेड घालायची. फळ धरलं तर राहतील, नाही तर नाही. आणि डेलिया लहानपणी या झाडांखालून हलायची नाही, पॉपॉचा तो मऊ पिवळा गर खात तोंड हनुवटीपर्यंत पिवळं करून बसायची. तर मी ठरवलंय. यंदा फळ धरवायचं. पहिलं फळ तिच्या दारात ठेवायचं. मग बघू ती दार कसं लावते.

कळ्या आल्यात, काळपट लाल, बोटाच्या पेराएवढ्या. काय करू ते लवकर कळव.

तुझा लायल

*

इंडियाना
१४ एप्रिल

लायल,

पत्र मिळालं. तिकीट उलटं लावलं होतंस. तीस वर्षं बीच फोर्कचं पोस्ट मी चालवलं, उलटं तिकीट लावणारी माणसं मी ओळखून आहे. घाईतली असतात आणि रागातली असतात, आणि कधीकधी प्रेमातली.

कॉलेजबद्दल मी काही बोलणार नाही. जूनला मोठ्यानं वाचून दाखवलं, ती बोलली. ते तुझ्या आईसमोर वाचता येणार नाही म्हणून लिहीत नाही.

आता झाडांचं. पॉपॉच्या फुलाला मधमाशी फिरकत नाही. फूल नाकाशी धर, शिळ्या मांसाचा वास येईल, अगदी हलका. तो माश्यांसाठी आणि भुंगेऱ्यांसाठी असतो. आमच्या वेळी लोक फुलोऱ्यात फांद्यांना कोंबडीच्या माना टांगायचे, माशांची डोकी टांगायचे. हसू नकोस, उपयोग होतो. दुसरा मार्ग ब्रशचा. फूल उमलतं तेव्हा आधी मादी असतं, मधलं टोक हिरवं नि चकचकीत. दोन-तीन दिवसांनी तेच नर होतं, पराग तपकिरी होऊन सुटतो. तो सुटलेला पराग मऊ ब्रशवर घ्यायचा आणि दुसऱ्या झाडाच्या कोवळ्या फुलाला लावायचा. दुसऱ्या झाडाच्या, हे लक्षात ठेव.

टीटरांकडे हल्ली बागेत काय काय आहे? सहज विचारते.

ओपल आत्या

*

बीच फोर्क
३० एप्रिल

आत्या,

टीटरांच्या बागेत काय आहे ते मला विचारू नकोस. मला तिकडे बघायलाही बंदी झाली आहे. त्याला कारण तू आहेस.

तू माना टांगायला सांगितल्यास. किती ते सांगितलं नाहीस. मी कोंबड्यांच्या कारखान्यातून एक बादली भरून आणली, वर नदीवरच्या माणसाकडून मांगूर माशांची डोकी. सगळी टांगली. सातही झाडांना. लांबून बघितलं तर नाताळाचं झाड सजवल्यासारखं दिसत होतं. तिसऱ्या दिवशी ऊन तापलं आणि वारा फिरला.

तो रविवार होता. टीटरांच्या अंगणात चर्चच्या सगळ्या बायका जमल्या होत्या. डेलियाला नर्सिंगला प्रवेश मिळाला म्हणून त्यांनी मिळून गोधडी शिवली आहे, ती तिला द्यायचा कार्यक्रम. बाहेर लांब टेबल, बटाट्याचं सॅलड, भोपळ्याचं गोड. पाद्रीबाईंनी प्रार्थनेसाठी डोळे मिटले आणि तेवढ्यात वास पोचला. कुणीतरी सॅलड खराब आहे म्हणालं. ज्या बाईनं केलं होतं ती रडायला लागली. तोवर इस्टेल टीटर वासाचा माग काढत ओढ्यापर्यंत आला आणि त्याला माझी सजावट दिसली.

त्यानं ओरडायला सुरुवात केली. मी गप्प राहायला हवं होतं, हे आता लिहिताना कळतंय. मी म्हणालो, तुमच्या घराला वास आधीपासून होता, आज फक्त पाहुण्यांना कळला. आत्या, हे तिच्या बापाला म्हणालो मी. बारा बायकांसमोर.

ओढ्यावर फळी टाकलेली असते ना, जायला-यायला, ती त्यानं उचलली आणि आपल्या बाजूला ओढून घेतली. आता इकडून तिकडे जायला वाट नाही.

डेलिया तोंडाला ॲप्रन लावून मागे उभी होती. तिचे खांदे हलत होते. ती हसत होती की तिला मळमळत होतं, ते मला इतक्या लांबून कळलं नाही.

ब्रशचं कामही केलं. शिडी लावून वरची फुलं धरली, कारण वर दाट फुलोरा आहे. या झाडाचा पराग त्या झाडाला, त्या झाडाचा याला, सलग चार दिवस. मान आखडली आहे.

लायल

*

इंडियाना
६ मे

लायल,

पत्र वाचून इतकी हसले की जून धावत आली, तिला वाटलं पुन्हा पडले. माझं कंबरेचं हाड आता कुठे धरतंय, जपून लिहीत जा.

दोन कामं कर. पहिलं, इस्टेलची माफी माग. चिठ्ठीनं नाही, तोंडानं. फळी नसेल तर पाण्यातून जा. माफी मागायला येणाऱ्याचे पाय ओले असले तर ऐकणाऱ्याला बरं वाटतं. दुसरं, फुलं गळली की देठाकडे बघत राहा. फळ धरलं असेल तर बारीक हिरवी बोटं दिसतील, तीन-चार एका जागी. ती कुठल्या फांद्यांवर आहेत ते मला नीट लिही. किती आहेत ते नको, कुठे आहेत ते.

ओपल आत्या

*

बीच फोर्क
११ जून

आत्या,

धरलं. एकोणीस आहेत. तू किती ते नको म्हणालीस, पण एकोणीस आहेत. बाबांना घेऊन गेलो. त्यांनी एक फांदी वाकवून बघितली, चष्मा लावला, पुन्हा बघितली आणि मला म्हणाले, "शेड पलीकडे घालू." मला, आत्या. आईला नाही.

कोंबडीच्या मानांना लोक हसले, आता बघ म्हणावं. ब्रशचा मात्र काही उपयोग झाला नाही. वर, जिथे मी चार दिवस मान मोडली, तिथे एकही नाही. सगळी फळं ओढ्याच्या अंगाला, खालच्या फांद्यांवर. माझ्या छातीपासून फार तर कपाळापर्यंत. माना मी सगळीकडे सारख्या टांगल्या होत्या, पण माश्यांना खालचं आवडलं असेल, चढायचा कंटाळा.

इस्टेलची माफी मागितली. पाण्यातून गेलो, गुडघ्यापर्यंत भिजलो. त्यानं मला पायरीवर उभं ठेवून सगळं ऐकलं. मग म्हणाला, पाय पुसून जा. बाहेर जाताना पाय पुसायला सांगणारा माणूस मी पहिल्यांदाच बघितला. डेलिया घरात होती, पडदा हलला, बाहेर आली नाही.

एक गंमत सांगायची राहिली. मेच्या पहिल्या आठवड्यात एका सकाळी फळी ओढ्यावर टाकलेली दिसली. दुपारी पुन्हा काढलेली. असं तीन दिवस. आमच्या बाजूच्या चिखलात पावलंही होती. आणि उरलेल्या सगळ्या माना गायब. इस्टेलच येऊन काढून टाकत असणार. येईना का. मानांचं काम तोवर झालं होतं.

ती ऑगस्टअखेर जाणार. तोवर पिकतील ना गं?

लायल

*

इंडियाना
१८ जून

लायल,

नाही पिकणार. सप्टेंबरचा मध्य धर. पण त्याआधी मला तीन गोष्टी सांग. तुझी उंची किती? इस्टेलची किती? आणि तुझ्या छातीपासून कपाळापर्यंत म्हणजे कुणाचा हात आरामात पोचेल?

आता मला एक कबुली द्यायची आहे. ही मी तीस वर्षांत कुणाला दिलेली नाही.

ती सात झाडं नाहीत. ते एकच झाड आहे. अठ्ठावन्न साली मी नदीच्या वळणावरून सात रोपं खणून आणली आणि गावभर सांगत सुटले, माझी सात झाडं. पण सातही एकाच जाळीतले फुटवे होते, एकाच मुळावरचे. पॉपॉ असाच पसरतो, जमिनीखालून. आणि झाडाचा पराग त्याच झाडाला चालत नाही. तू शिडीवर चढून या हाताचा पराग त्या हाताला लावत होतास. शंभर बादल्या माना टांगल्या असत्यास तरी माश्यांनी तेच केलं असतं.

मग इतकी वर्षं फळं कशी आली? टीटरांच्या कुंपणाला एक म्हातारा पॉपॉ होता, वेगळ्या वाणाचा. मला माहीत होतं. त्याच्या जिवावर मी जत्रेत दोनदा बक्षीस घेतलं आणि त्याचं नाव घेतलं नाही. मी निघाले त्याच वर्षीच्या पुरात तो वाहून गेला. तुमची फळं बंद झाली ती तेव्हापासून.

याचा अर्थ यंदाच्या एकोणीस फळांचा बाप कुठेतरी उभा आहे. जाऊन शोध. पळत जाऊ नकोस. आधी तुझ्या फांद्या नीट बघ.

ओपल आत्या

*

बीच फोर्क
२५ जून

आत्या,

तू मला चार दिवस शिडीवर चढवलंस. माहीत असून. हे मी विसरणार नाही.

तुझं पत्र वाचल्यावर मी आधी सरपणाच्या ढिगाला लाथ मारली. मग झाडांकडे गेलो. प्रत्येक फळाच्या देठामागे फांदीला पांढऱ्या धाग्याची एक गाठ आहे. रोज दिसत होती, मला वाटायचं पक्ष्यांनी घरट्यासाठी ओढून नेताना अडकलेला दोरा. जवळून बघितलं तर बँडेजच्या जाळीचे धागे. कुठल्या फुलाला ब्रश लावून झाला ते कळायला बांधलेले. एकोणीस फळं आणि एकतीस गाठी. आपल्या गावात बँडेज कोण हाताळतं? आठवड्यातून तीन दिवस दवाखान्यात डेलियाच असते.

मग मी ओढ्यापलीकडे नीट बघितलं, आठ वर्षांत पहिल्यांदा. टीटरांच्या कोंबड्यांच्या खुराड्यामागे एक झाड आहे, दोन पुरुष उंच, लांब लोंबती पानं. पॉपॉ.

तू पळू नकोस म्हणालीस. मी चालत गेलो. पाण्यातून, भर दुपारी. ती मागच्या पायरीवर वाटाणे सोलत होती. मी विचारलं, फुलांना पराग तू लावलास? ती म्हणाली, हो. आणि माना? त्या मीच काढल्या, खड्डा करून पुरल्या, दोनदा ओकले. मी विचारलं, सांगितलं का नाहीस?

तेव्हा तिनं वाटाण्याचं भांडं खाली ठेवलं. तिचं बोलणं जसंच्या तसं लिहितो.

"कशाला सांगू? झाडं तोडणार होते, मला ती राहायला हवी होती, मी केलं. तू कॉलेज सोडलंस आणि गाडीतून उतरून ते सगळंच्या सगळं माझ्या हातात दिलंस. धर, तुझ्यासाठी. ते मी कुठे ठेवू, लायल? सोबत हंटिंग्टनला नेऊ?"

आत्या, तुला माहीत आहे, मला कायम काहीतरी बोलता येतं.

या वेळी मी पायरीवर बसलो आणि वाटाणे सोलायला लागलो. मग ती म्हणाली, शेंगा त्या बादलीत टाक, दाणे या भांड्यात, उलटं करतोयस.

निघताना मी म्हणालो की जायच्या आधी दोन-चार हिरवीच तोडून देतो, तिकडे पिकव. ती म्हणाली, "हिरवं तोडलंस तर त्याचा दगड होतो. पडेपर्यंत हात लावू नकोस."

लायल

*

इंडियाना
२ जुलै

लायल,

तिनं स्वतःच सांगितलं, म्हणजे आता मलाही सांगायला हरकत नाही.

ते झाड तिनं बियांपासून वाढवलंय. मी निघाले तेव्हा शेवटच्या फळांच्या बिया तिला दिल्या होत्या, घेवड्याच्या दाण्याएवढ्या. पॉपॉची बी वाळली की मेली, म्हणून ओल्या शेवाळात गुंडाळून, कॉफीच्या डब्यात. बारा वर्षांच्या पोरीनं तो डबा अख्खा हिवाळा फ्रिजमध्ये लोण्याशेजारी सांभाळला. वसंतात पेरल्या. जून गेला, जुलै गेला, वर काही नाही. इस्टेल म्हणाला, मेल्या. ही म्हणाली, खाली काम चालू असेल. आणि होतंही तसंच. हे झाड आधी हातभर मूळ खाली सोडतं, मग एक पान वर काढतं. ऑगस्टात दोन उगवली, एक जगलं. पहिली दोन वर्षं त्याला ऊन सोसत नाही, म्हणून तळ काढलेली बादली तिनं त्याच्यावर पालथी ठेवली होती. दर नाताळात मला पत्र लिहून उंची कळवते. यंदा मार्चमध्ये तिनं कळवलं की पहिल्यांदा कळ्या आल्यात.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी मी दोन उत्तरं लिहिली. एक तुला, एक तिला, झाडं तोडायचं घाटतंय म्हणून. तुला मी दुसऱ्या झाडाचा पराग लाव म्हणून लिहिलं होतं. कुठलं दुसरं, ते विचारायला तू थांबला असतास तर शिडी वाचली असती. पण मी टीटरांकडचं झाड तुला दाखवलं असतं, तर त्या आठवड्यात तू काय केलं असतंस? खुराडं मोडून गेला असतास.

ऑगस्टात फळं तोडायला तुझे हात शिवशिवतील. खिशात ठेव.

ओपल आत्या

*

बीच फोर्क
२४ सप्टेंबर

आत्या,

बरेच दिवस लिहिलं नाही. लिहिण्यासारखं काही करत नव्हतो. नुसतं पाणी घालत होतो.

ती सव्वीस ऑगस्टला गेली. त्या दिवशी फळं मुठीएवढी, हिरवीगार, दगड. इस्टेलनं गाडीत ट्रंक चढवली, ती गोधडी वर ठेवली. मी ओढ्याच्या या बाजूला उभा होतो, दोन्ही हात खिशात. गाडी निघण्याआधी इस्टेल खाली आला, फळी उचलली आणि ओढ्यावर टाकली. माझ्याकडे बघितलंही नाही. म्हणाला, नदीवर मासे बरे लागतायत म्हणे. मी म्हणालो, हो. एवढंच आमचं बोलणं.

मग रोज सकाळी उठून झाडाखाली. आई म्हणाली, अंडं उबवायला बसल्यासारखा बसतोस. बारा तारखेला कॉफी घेऊन बसलो होतो, मागे गवतात धप्प आवाज झाला. वास आधी आला. हातात घेतलं तर बोटं रुतत होती. गाडीची किल्ली खिशात होती, आत्या. हंटिंग्टन दोन तासांवर आहे, फळ दोन दिवसांपलीकडे टिकत नाही. मी खरंच उठलो होतो.

मग पुन्हा बसलो. एक कार्ड लिहिलं. त्यावर तीनच शब्द घातले, पडायला लागली आहेत. खाली नावही नाही. तिकीट सरळ लावलं, तुझी शपथ.

पहिलं फळ बाबांना दिलं. त्यांनी आईचा चांगला चमचा घेतला, उभ्याउभ्या संपवलं, आणि बाहेर जाऊन शेडसाठी झाडांपाशी आधी ठोकलेल्या खुंट्या उपटून आले.

शनिवारी दुपारच्या बसनं ती आली. मी बोलावलं नव्हतं. आम्ही फळीवर बसलो, पाय पाण्यात सोडून, चमचे विसरलो म्हणून हातानंच. तिचं तोंड हनुवटीपर्यंत पिवळं झालं होतं. आठ खाल्ली आम्ही. मी कॉलेजबद्दल काही बोललो नाही, कुणासाठी काय केलं तेही नाही. तिच्या वर्गातल्या सांगाड्याचं नाव त्यांनी क्लॅरेन्स ठेवलंय, ते ऐकलं. मग संध्याकाळी बसला सोडायला गेलो तेव्हा, बस यायच्या थोडं आधी, ती काहीतरी म्हणाली.

ते मी तुला सांगणार नाही.

सोबत कॉफीचा डबा पाठवतोय, पाच बिया, ओल्या शेवाळात. जूनला सांग, लोण्याशेजारी. आणि जानेवारीत मी कोलंबसला परत जातोय, चिकणमातीच्या पेपरापासून सुरुवात. कुणासाठी म्हणून विचारशील, तर विचारू नकोस.

तुझा लायल

*

इंडियाना
२ ऑक्टोबर

लायल,

डबा पोचला. शेवाळ ओलं होतं. लोण्याशेजारी जागा केली आहे, जूनला वाटतं त्यात कॉफी आहे, वाटू दे. वसंतात गॅलरीत उंच पिंपात लावीन. फळ धरेपर्यंत मी ब्याण्णव वर्षांची होईन. जमवते.

पुढच्या वर्षी लोकांना सांग की झाड एक आहे, आणि त्याला शेजार लागतो. माझं नाव घालून सांगितलंस तरी चालेल.

तीस वर्षं मी पोस्ट चालवलं, कुणाचं पाकीट कधी उघडलं नाही. उजेडात धरूनही बघितलं नाही. त्यामुळे ती काय म्हणाली ते मी तुला विचारणार नव्हतेच. तिलाच विचारलं.

तिचं उत्तर आज सकाळी आलं. चार पानं आहेत. तीन पानं क्लॅरेन्सवर. चौथ्या पानावर लिहिलंय की बस यायच्या आधी लायल जे म्हणाला, ते मी तुम्हाला सांगणार नाही.

तिकीट मात्र उलटं होतं.

ओपल आत्या